सही कोणाच्या अधिकारात?

फुरसुंगीतल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानदाराचा विचार करा. त्याने गाळा बदलला नाही, धंदा बदलला नाही, पाटीसुद्धा तीच ठेवली. तरी 2017 पर्यंत तो ग्रामपंचायतीत होता, त्या वर्षी अकरा गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा महापालिकेत गेला, आणि 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी काढून नगरपरिषद केल्यावर नगरपरिषदेचा झाला. सात वर्षांत तीन संस्था आणि तीन वेगळे कायदे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, मग आयुक्तांचा अधिकार, आता मुख्याधिकाऱ्यांचा. हे टोकाचे उदाहरण आहे. पण हद्द न हलता, त्याच इमारतीत, आकृतिबंधाच्या, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेच्या, नावाखाली असे फेरबदल कितीतरी शहरांत होत असतात आणि त्यांची बातमी होत नाही.

बातमी होते ती पदांची. किती पदे वाढली, भरती कधी, पदोन्नतीत कोणाचा नंबर मागे गेला. संघटनांना वेतनश्रेणीची काळजी असते, शासनाला आस्थापना खर्चाची. परवान्याचे नियम त्या दिवशी कपाटातून कोणी काढत नाही. ‘ते नंतर बघू, शाब्दिक दुरुस्ती आहे’ असे म्हणून विषय संपतो. माझा आक्षेप या ‘शाब्दिक’वर आहे. अर्ज कोणी तपासायचा, नाकारायचा कोणी आणि नाकारल्यावर दाद कोणाकडे मागायची, हे या शब्दांवरच ठरते.

कायद्यात याची सोय नाही असे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा साचा सरळ आहे: परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांचा. कलम 69 नुसार ते लेखी आदेश काढून तो एखाद्या अधिकाऱ्याला देऊ शकतात, आणि कलम 386 प्रमाणे परवान्यावर त्या अधिकाऱ्याची सही चालते. अडचण सोयीतूनच येते. उपविधी बदलायचा तर सभेपुढे विषय, मग शासनाची मंजुरी. आदेश मात्र एका सहीने निघतो. साहजिकच कार्यालये आदेशांवर आदेश काढत राहतात आणि उपविधीत जुनी पदे तशीच राहतात. काही वर्षांनी आदेशांची ती फाईल नेमकी कोणत्या टेबलावर आहे हे एका वरिष्ठ लिपिकालाच माहीत असते, आणि तोही निवृत्तीला आलेला असतो.

नुसते नाव बदलले तर फारसे बिघडत नाही. 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. माणूस तोच, दप्तर तेच. पदाचा उत्तराधिकारी ते अधिकार वापरू शकतो हे सर्वसाधारण कलमांच्या कायद्यातच आहे. खरा पेच एका पदाची दोन होतात तेव्हा पडतो. परवाना विभागाचे काम विभागून निम्मे क्षेत्रीय कार्यालयात गेले आणि निम्मे मुख्य इमारतीत राहिले, तर उत्तराधिकारी कोणाला म्हणायचे? अर्जदार खाली जातो, खालचे वर पाठवतात. दोन्हीकडचे खरेच बोलत असतात, म्हणून तर त्याला भांडताही येत नाही.

पदे एकत्र झाली की त्याहून वाईट. पूर्वी निरीक्षकाने जागा पाहायची, अधीक्षकाने छाननी करायची, सहायक आयुक्तांनी निर्णय घ्यायचा. पदे कमी झाली, उरलेल्यांपैकी काही रिक्त, त्यांचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्याकडे. मग टिपणीवर खाली ‘सादर’, वर ‘मान्य’ आणि दोन्हीकडे आद्याक्षरे एकाच माणसाची. परवाना मिळाला तर कोणाची तक्रार नसते. नाकारला आणि अपीलही त्याच खुर्चीपुढे आले, तर अपील या तरतुदीत राहिले काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये आला. त्याचा सगळा जोर पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील आणि द्वितीय अपील या उतरंडीवर आहे. कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही आहे. पण सेवांच्या यादीत लिहिलेले पदच आकृतिबंधातून गेले असेल, तर दंड करायचा कोणाला?

अधिकाराचा घोळ फक्त कागदावर राहत नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून 17 माणसे गेली. फलक होता 120 बाय 120 फुटांचा. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच, आणि महापालिकेचे नियम तिथे लागतात की नाही यावर पत्रव्यवहार. तो घोळ दोन यंत्रणांमधला होता, हे मान्य. एकाच यंत्रणेतल्या दोन विभागांत तो व्हायला मात्र आकृतिबंधाचा एक परिच्छेद पुरतो.

यावर प्रशासनाचे ठरलेले उत्तर असते: ‘जुन्या पदनामाऐवजी नवे पदनाम असे वाचावे’ एवढे एक परिपत्रक काढले की झाले. वेळ वाचतो हे खरे. पण त्या एका वाक्याने विचारायचा प्रश्न टळतो, की हा परवाना अजून हवाच का? मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात परवान्याविना साठवू नये अशा वस्तूंत हाडे, चिंध्या, केस, गवत, गंधक आहेत. त्यांतल्या काहींत आजही आगीचा धोका आहे, काही यादीत आहेत त्या केवळ कोणी काढल्या नाहीत म्हणून. दुकाने व आस्थापनांच्या बाबतीत राज्याने हा प्रश्न विचारला होता. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणी काढून फक्त सूचना पुरेशी ठरवली. त्यात कामगारांचे किती नुकसान झाले यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. निदान निर्णय उघडपणे झाला.

तेव्हा आकृतिबंधाच्या प्रस्तावालाच एक तक्ता जोडणे सक्तीचे करावे. प्रत्येक परवान्यापुढे चार रकाने: अर्ज कोण घेणार, जागा कोण पाहणार, सही कोणाची, अपील कोणाकडे. शेवटच्या तीन रकान्यांत एकच पद दोनदा आले तर प्रस्ताव परत. खाली दोन ओळी चालू परवान्यांबद्दल आणि अर्धवट सुनावण्यांबद्दल, नाहीतर जुन्या अधिकाऱ्याने दिलेली नोटीस नव्या अधिकाऱ्याने पुढे चालवायची की पहिल्यापासून सुरुवात करायची, यावर वकिलांचे फावते. हा तक्ता सभेत वाचला जावा. 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांत काही वर्षे सभाच नव्हती. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच प्रशासक होता. त्या काळात निघालेले परवान्याविषयीचे अधिकार-प्रदान आदेश नगरसेवकांनी आधी मागवून घ्यावेत. विषयपत्रिकेवर रस्ते आणि गटारांचे विषय असतीलच, त्यांच्या आधी हा घेतला तरी सभा लांबणार नाही.