न पाहिलेलें हिमशिखर

जी वस्तु आपण डोळ्यांनीं पाहिली नाहीं तिचें चित्र काढणें प्रामाणिकपणास धरून होईल काय? हा प्रश्न जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख याच्या ‘वाट्समान’ या तैलचित्रानें आमच्यापुढें उभा केला. आल्प्समधील २७१३ मीटर उंचीचें हें हिमाच्छादित शिखर त्यानें १८२४-२५ सालीं रंगविलें. तें चित्र आज बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत आहे. नवल असें कीं, फ्रीडरिखनें आल्प्स पर्वत जन्मांत पाहिला नव्हता! औगुस्ट हाइनरिख या तरुण चित्रकाराच्या जलरंगी चित्रावरून त्यानें शिखराचा आकार घेतला.

कोणी म्हणेल, ही उसनवारी झाली. आकारापुरतें तें खरें आहे. परंतु पटावर नुसता पांढरा रंग फांसला तर बर्फ दिसत नाहीं, चुना दिसतो. छायेंतील बर्फावर आकाशाची निळाई उतरते, उन्हाकडील अंगास किंचित् पिवळी झांक येते. हें ज्ञान उसनें मिळत नाहीं. फ्रीडरिखनें तें उत्तरेकडील पन्नास हिंवाळ्यांत मिळविलें होतें. शिवाय चित्रांत पुढें जो खडक आहे, तो त्यानें १८११ सालीं हार्झ पर्वतांत स्वतः रेखाटलेला. शिखर दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें, पण पाय रोवले ते स्वतःच्या खडकावर.

आम्हां शिक्षकांस हा प्रश्न परका नाहीं. चैत्राच्या उन्हांत बसून इंग्रजी कवींचा हिमवर्षाव आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस समजावून दिला. एकदां एका मुलानें भाबडेपणानें विचारलें, “सर, आपण बर्फ पडतांना पाहिला आहे का?” आम्हीं उत्तर न देतां पान उलटलें. आज वाटतें, न पाहिलेला बर्फ शिकविण्यांत आमचा अपराध नव्हता. तो पान उलटण्यांत होता. महाबळेश्वरास वेण्णा तळ्याकाठीं कडाक्याच्या थंडींत गवतावर गोठलेलें दंव आम्हीं एका पहांटे पाहिलें होतें, बोटांनीं चाचपलेंही होतें. “बर्फ पडतांना पाहिला नाहीं, पण एवढें पाहिलें आहे,” असें म्हणून तेथून प्रारंभ केला असता, तर कवितेंतील हिमवर्षाव त्या मुलाच्या अधिक जवळ आला असता, आणि आम्हांसही त्याच्या नजरेस नजर देतां आली असती.