तुकडेजोड

अंथुर्णे, ता. इंदापूर
पालखीच्या आदल्या दिवशी

चि. ताईस,


तुझा परवाचा निरोप वाचला. जुन्या ३२ बिटांच्या आणि नव्या ६४ बिटांच्या चिपचं मेमरी सांभाळणारं कोड एकत्र करायचं काम साहेबांनी तुझ्याकडे दिलंय, आणि 'मामा, ऐंशी टक्के सारखंच आहे, आठवड्यात उरकते' असं तू लिहिलंयस. फोन केला असता, पण घरात उद्याची धांदल आहे. तुकोबांची पालखी आज सणसरला आहे, उद्या बेलवाडीचं रिंगण उरकून मुक्कामाला आपल्याकडे. मामीनं सगळ्यांना कामाला लावलंय, मला तेवढं ओट्यावर बसू दिलंय. शिवाय फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणून ठेवून दिलं असतंस.

ऐंशी टक्के सारखं असेलही. मला काळजी उरलेल्या विसांची.

आपल्या कालव्याकडच्या वावराची गोष्ट तू अर्धीच ऐकलीयस. १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा आला, पुढं गावोगाव एकत्रीकरण झालं, त्यात माझ्या आजोबांच्या चार पट्ट्यांचा मिळून एक गट झाला. मधे दोन बांध होते. एक घातला होता तो दोन भाऊ एका हंगामात एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून. तो मोडला आणि औत सरळ चालायला लागलं, कुणाचं काही बिघडलं नाही. त्याच झपाट्यात दुसराही मोडला. त्याच्या खालच्या अंगाला चोपण. तिथं पाणी मुरतच नाही. वरच्या रानाला पुरेल एवढं पाणी सोडलं की खाली तळं साचायचं. दोन वर्षं तिथला ऊस पिवळा पडला, मग आजोबांनी गुपचूप बांध पुन्हा घातला. सातबाऱ्यावर गट आजही एकच आहे.

तुझ्या कोडात असेच दोन तऱ्हेचे बांध असणार, आणि पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतील. भांडणाचा कुठला आणि चोपणाचा कुठला हे आधी ठरव. फाईल एक करायला मग अर्धा दिवस लागेल.

लिनक्सवाल्यांनी हे सगळं भोगलंय, ते सांगतो. १९८५ च्या ३८६ चिपमध्ये पत्ता शोधायचे तक्ते दोन पायऱ्यांचे होते. कालव्यावरून चारीला आणि चारीवरून दाराला, तसं. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई आलं, चार जीबीच्या पुढची मेमरी दिसायला लागली, पायऱ्या तीन झाल्या आणि तक्त्यातली प्रत्येक नोंद चार बाइटची आठ बाइट झाली. २००३ मध्ये एएमडीचं ऑप्टेरॉन आलं, ६४ बिटांचं, चार पायऱ्यांचं. कर्नलमध्ये त्याच्यासाठी आय-३८६ च्या शेजारी वेगळी डिरेक्टरी थाटली गेली. बरंचसं जुन्यातूनच उचललेलं. मग व्हायचं तेच झालं. एका घरात गळती बुजवली की दुसऱ्या घरात तीच गळती चालू.

२००७ मध्ये थॉमस ग्लायक्सनर आणि इंगो मोलनार यांनी दोन्ही एक करायचं काढलं. ६४ बिटांची बाजू सांभाळणाऱ्या अँडी क्लीनचा त्याला विरोध होता. त्याचं म्हणणं, नव्या घरात मी जुनी अडगळ येऊ दिली नाही, तुम्ही ती आता परत आणणार. मला विचारशील तर त्याचा मुद्दा खोटा नव्हता. ३२ बिटांच्या बाजूला खरोखरच विचित्र गोष्टी होत्या. जुन्या पेंटियममध्ये एक अशी चूक होती की ठराविक बाइटांची एक बेकायदा सूचना दिली की अख्खं मशीन गोठायचं, एफ-झिरो-झिरो-एफ म्हणतात तिला. त्यावरचा इलाज पार मेमरीच्या फॉल्ट हाताळणाऱ्या कोडात येऊन बसलाय. ६४ बिटांच्या चिपला त्याचं काय? तरी एकत्रीकरण झालं, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत लोकांनी पाहिलं.

आता त्यांनी ते कसं केलं ते नीट वाच. पहिल्या फटक्यात त्यांनी काहीच जोडलं नाही. फक्त सगळं सामान एका घरात आणलं आणि नावांमागे _३२ आणि _६४ अशी शेपटं लावली. फॉल्ट_३२, फॉल्ट_६४, इनिट_३२, इनिट_६४, सगळ्या जोड्या शेजारी शेजारी. लोक हसले, की हे कसलं एकत्रीकरण! पण शेजारी ठेवल्यावरच तर फरक डोळ्यांत भरतात. पॉवरपीसीवाल्यांनी २००५ पासून उलटी वाट धरली होती. नवं रिकामं घर बांधायचं, एकेक वस्तू पारखून आत न्यायची, जुनं पडेपर्यंत तिथंच राहायचं. जुनं घर पाडायला त्यांना २००८ उजाडलं. दोन्ही वाटा चालतात. तुझ्याकडे माणसं कमी आहेत, तू पहिलीच धर.

फॉल्टच्या दोन फायली लवकर एक झाल्या. इनिटला हात लागला तो २००९ मध्ये, पेक्का एनबर्ग नावाच्या फिनलंडच्या गड्याकडून. त्याचे पॅच शोधून काढ आणि चहा घेऊन एकेक वाच. इनिट_मेमरी_मॅपिंग हे फंक्शन दोन्हीकडे होतं, नाव एकच आणि अंग वेगळं. त्यानं आणि त्याच्याबरोबर यिंगहाय लू यानं आधी ३२ वाल्याला आहे त्या जागीच ६४ वाल्यासारखं वळण लावलं. एका पॅचमध्ये एवढंच. मग जिथं वळेना तिथं इफडेफ घातले. आणि दोन्ही अंगं अक्षरशः सारखी झाल्यावर ती उचलून सामाईक इनिट.सी मध्ये नेली. शेवटच्या पॅचमध्ये बघण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून तो चांगला. कुठं मोडलंच तर बायसेक्ट करताना बोट नेमकं एका लहान पॅचवर पडतं.

मी हे केलं नव्हतं, त्याची किंमत सांगतो. कंपनीचं नाव नको. आमच्याकडेही अशाच दोन फायली होत्या, एक पीएईची आणि एक ६४ बिटांची, आणि मी आठवड्यात उरकणारा होतो. तक्त्यात नोंद लिहायचं फंक्शन ६४ मध्ये एका ओळीचं होतं, आठ बाइट एका दमात. पीएईच्या बाजूला तेच काम तीन ओळींत. आधी वरचे चार बाइट लिहायचे, मग एक बॅरियर, मग खालचे चार. मला वाटलं कुणीतरी उगाच लांबण लावलंय. एक ओळ ठेवली, तीन पुसल्या, चाचण्या हिरव्या झाल्या, पेढेसुद्धा वाटले.

महिन्याभरानं एका गिऱ्हाईकाकडचं मशीन मधूनच कोसळायला लागलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, कधी एकदाही नाही. ३२ बिटांच्या चिपसाठी कंपायलरनं माझ्या एका ओळीचे गुपचूप दोन तुकडे केले होते, आणि खालचा आधी लिहिला होता. नोंद 'हजर आहे' हे सांगणारा बिट खालच्या अर्ध्यात असतो. म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरनं नेमक्या त्या क्षणी नोंद वाचली, तर त्याला ती पुरी झालेली दिसायची, पण पत्त्याचा वरचा भाग अजून कोराच. तो जाऊन भलत्याच्याच पानावर लिहायचा. तू लहानपणी माझ्याबरोबर दारं धरायला यायचीस, आठवतं? आधी सरीचं तोंड वळवायचं आणि मग दारं फोडायचं. उलट केलंस तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात, आणि अंधारात कळतही नाही. आमच्या चाचणीच्या मशीनांत दोनच जीबी मेमरी होती. तिथं वरचा अर्धा भाग नेहमी शून्यच, मग चूक दिसणार कुठून? गिऱ्हाईकाकडे आठ होती. तीन आठवडे माझी झोप उडाली. त्या तीन ओळी परत घातल्या तेव्हा वर शेरा लिहिला, की हा क्रम का आहे. तो शेरा आधीच्यानं लिहिला असता तर असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही. विचारायला तो दोन टेबलांपलीकडेच बसायचा.

तेव्हा, ताई, न कळणारी ओळ दिसली की ती कुणासाठी आली ते आधी शोध. जुन्या नोंदी चाळ. फाईल हलवशील तर नुसती हलव, त्याच कमिटमध्ये एक अक्षरही बदलू नकोस, नाहीतर पुढच्या माणसाला जुना इतिहास सापडत नाही. गट नंबर पडल्यावर जुना सर्व्हे नंबर शोधायला लोक अजून एकत्रीकरणाचे उतारे काढत फिरतात ते बघतेसच. 'फक्त मांडणी बदलली' असं जिथं लिहिशील तिथं आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाईल ताडून बघ. लिनक्सच्या त्या एक झालेल्या एक्स-८६ डिरेक्टरीच्या त्या काळच्या कितीतरी कमिटांत दोन्हींचे एमडी-५ आकडे खाली चिकटवलेले सापडतील. आणि चार जीबीच्या वर मेमरी असलेलं, दोनपेक्षा जास्त प्रोसेसरांचं ३२ बिटांचं मशीन साहेबांकडून आत्ताच मागून घे. मिळत नाही म्हणाले तर लेखी विचार.

काही ओळी तुला जाव्यात असं वाटेल, त्यांना थांबू दे. ३८६ मध्ये खोड होती की कर्नल स्वतः लिहायला गेलं तर 'या पानावर लिहू नये' ही खूण ती चिप मानायचीच नाही. तेवढ्यासाठी कर्नलमध्ये वेगळी तपासणी होती. २०१३ च्या ३.८ मध्ये ३८६ चा आधारच काढला, तेव्हा तिच्यासाठीची तजवीजही निघाली. मशीन आधी गेलं, मग ओळ.

आणि सगळं एक होत नाही म्हणून जीव खाऊ नकोस. ३२ बिटांच्या कर्नलला थेट दिसणारी मेमरी जेमतेम ८९६ एमबी, त्यापलीकडचं हायमेम. ६४ ला ही अडचणच नाही. हे चोपण आहे. मेल्टडाउन नावाचा चिपमधला दोष उघड झाल्यावर २०१८ च्या सुरुवातीला तक्ते वेगळे ठेवायचा इलाज आला तो आधी ६४ साठी. ३२ ला तो त्याच वर्षीच्या ४.१९ पर्यंत मिळाला नाही, आणि तोही योर्ग रोडेलनं वेगळा राबून. एक डिरेक्टरी होऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा. आजही तिथं जाऊन बघ, इनिट.सी आहे, आणि तिच्या शेजारी इनिट_३२.सी आणि इनिट_६४.सी सुद्धा आहेत.

साहेबांना आठवड्याऐवजी दोन महिने सांग. पहिले आठ-दहा पॅच झाले की मला पाठव. दिंड्या निमगाव केतकीकडे निघाल्या की परवापासून मी रिकामाच आहे. आईला म्हणावं, पुरणाचं पातेलं यंदाही तिचंच आणलंय, परत मागू नये.

तुझा,
मामा