बसालेलाची कारागिरी आणि आमची हौस

हौस कोणत्या क्षणी लोभ होते, हा प्रश्न आम्ही व्यासपीठावरून इतरांना पुष्कळदा विचारला आहे. मागील वर्षी तो आमच्याच टेबलावर येऊन बसला, आणि तोही कीबोर्डाच्या रूपाने.

मोहगावात राहून उपदेशाची टिपणे व शब्बाथशाळेचे धडे आम्ही संगणकावर लिहितो. जुना कीबोर्ड निकामी झाला, तेव्हा नागपूरच्या भाच्याने आपला एक मेकॅनिकल कीबोर्ड आणून दिला. साध्या कीबोर्डात सर्व बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो. यात प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच व स्वतःची स्प्रिंग. बटण सुमारे दोन मिलिमीटर दबले की अक्षर उमटते, तळ गाठावा लागत नाही. बोटांना इतके सुख होईल असे आम्हांस वाटले नव्हते.

पुढे कळले की हे स्विच बदलताही येतात. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात हा नमुना काढला. पेटंटची मुदत सरल्यावर चिनी कारखान्यांनी त्याचे शेकडो प्रकार केले. कोणी सरळ खाली जाणारा, कोणी मध्येच किंचित अडणारा, कोणी टकटक वाजणारा. झाले! आम्ही अडुसष्ट स्विच मागविले, एकेक उघडला, आतल्या दांडीला बारीक कुंचल्याने ग्रीस लावले, स्प्रिंगेला तेल दिले आणि पुन्हा मिटला. या एका कामात दोन संध्याकाळी गेल्या. नंतर दुसरा कीबोर्ड आला. दोहोंचे मिळून अकरा हजार रुपये झाले.

घरात विचारणा झाली तेव्हा आमचे उत्तर तयार होते: हे सारे धडे लिहिण्यासाठीच आहे. शिवाय जावजी दादाजींचा दाखलाही आम्ही दिला. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लहानपणी टाइप घासणाऱ्या त्या मुलाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या अक्षरांनी मराठी वाचकांचे डोळे सुखावले. अक्षराच्या साधनाची निगा राखणे ही सेवाच नव्हे काय?

त्याच आठवड्यात शब्बाथशाळेत बसालेलाचा धडा होता. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायातला हा कारागीर, देवाने ज्याला कौशल्यासाठी आत्म्याने भरले. शनिवारची रात्र स्प्रिंगांत गेली, म्हणून धडा आम्ही तोंडी, आठवेल तसा घेतला. शेवटी एका मुलाने विचारले, "बसालेलानं आपल्या घरासाठी काय बनवलं?" शास्त्रात ते नाही, एवढेच आम्ही सांगू शकलो.

वाचकहो, निरुपयोगी आनंदात पाप आहे, असे आम्ही मानत नाही. पळसाला रानात कोणी बघो न बघो, फुले येतातच. पतंग उडविणाऱ्या पोराला आपण हिशेब मागत नाही. मग आमचे चुकले कोठे? पैशांत थोडे, हे खरे. पण अधिक चुकले ते त्या उत्तरात. हा खेळ आहे असे आम्ही प्रथमच म्हटले असते, तर खेळाची जागा कामानंतर असते हे आपोआप आठवले असते. सेवा म्हटल्यामुळे तो कामाच्या आधी जाऊन बसला. (वास्तविक मराठी लिहिण्यासाठी लागते ती १९८६ची इन्स्क्रिप्ट मांडणी, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, आणि ती भाच्याच्या कीबोर्डावरही पूर्ण चालत होती.)

आणखी एक खूण उशिरा ध्यानात आली. कीबोर्ड जोडून पूर्ण झाला, त्या दिवसापासून त्याच्यावरून मन उडाले. मन लागले होते ते पुढच्यावर.

दुसरा कीबोर्ड आता शब्बाथशाळेच्या खोलीत आहे. मुले त्यावर 'क' व 'ख' एकाच बटणावर शोधतात. पहिल्यावर हा लेख लिहिला. तिसऱ्यासाठी निवडलेली अ‍ॅल्युमिनियमची पेटी अजून यादीत आहे. ती आम्ही मागविलेली नाही, आणि खोडलेलीही नाही.