आगमनकाळ आणि आणखी एक वर्ष



नाताळापूर्वींच्या चार रविवारांपासून जो काळ चालतो त्यास ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणते. या दिवसांत प्रभूच्या दोन आगमनांचें स्मरण होतें : एक गव्हाणींत झालेलें, दुसरें न्यायासाठीं व्हावयाचें. येथें विचारी मनाला प्रश्न पडतो. येणारा जर न्यायाधीश आहे, तर त्याची वाट आनंदानें कशी पाहावी? न्याय आणि दया हीं दोन्हीं एकाच हातीं कशीं असावीं?

लातूर-नांदेडकडील मंडळ्यांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक निजले होते. ७,५०० हून अधिक माणसें प्राणास मुकलीं आणि पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. असा घाला पडला कीं मनुष्य विचारतो, हें कोणाच्या पापाचें फळ? परका हें दुसऱ्याविषयीं विचारतो. पण जिचें मूल गेलें ती माउली रात्रंदिवस स्वतःलाच विचारते.

प्रभूच्या काळींही हाच प्रश्न लोकांच्या मनांत होता. लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. तो पडून १८ माणसें मेलीं. तीं यरुशलेमांतील इतर रहिवाशांहून अधिक अपराधी नव्हतीं, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. किल्लारीविषयींही हेंच म्हटलें पाहिजे. तेथील घरांच्या जाड भिंती मातींत रचलेल्या दगडांच्या होत्या व वर मातीचें जड माळवद होतें. धरणी हालतांच भिंती ढासळल्या आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलें. आंत सज्जन आहे कीं दुर्जन, हें भिंतीनें पाहिलें नाहीं.

मग देवानें धरणी कां थांबविली नाहीं? प्रभूनें तेथें याचें उत्तर दिलें नाहीं, आणि शोकाच्या घरीं उपदेशकानेंही तें बळेंच देऊं नये. प्रभूनें ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास बजाविलें आणि लागलीच अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. तीन वर्षें झाडाला फळ नाहीं. धनी तें तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि सभोंवार खणून खत घालण्याचें कबूल करतो.

शेतकरी बंधूंनो, न फळणाऱ्या झाडाला खत घालणें हें व्यवहारानें तोट्याचें काम होय. देवाची दया अशीच आहे. ती न्याय रद्द करीत नाहीं. वर्ष संपल्यावर झाडाकडे पाहिलें जाणारच, हें माळ्यालाही मान्य आहे. परंतु दया मुदत मागते आणि त्या मुदतींत स्वतः राबते. जो न्यायासाठीं येणार आहे तोच आधीं गव्हाणींत निजला, तोच आमच्या मुळाशीं खणीत आहे. म्हणून त्याची वाट भयानें पाहण्याचें कारण नाहीं. आम्ही त्याची वाट पाहतों, त्याहून अधिक धीरानें तो आमची वाट पाहत आहे.

ज्याला अशी मुदत मिळाली आहे त्यानें शेजाऱ्यावर कुऱ्हाड उगारूं नये. ढिगारा उपसणारा मनुष्य आंतल्याची लायकी विचारीत बसत नाहीं. आपल्या गांवांतही असें कोणी असेल : बांधाच्या तंट्यावरून बोलणें तुटलेला भाऊ, मंडळीपासून दुरावलेलें कुटुंब, किंवा मूल गमावल्यामुळें जिला लोक अपशकुनी म्हणतात अशी बहीण. शेतांत शाळू व हरभरा उभा आहे. कामें पुष्कळ आहेत. तरी या चार आठवड्यांत एकदां त्या घरीं जावें, थोडें बसावें, जमेल तें काम हातीं घ्यावें, आणि पापाचा हिशेब विचारूं नये.