विमानतळावरचे दहा तास कोणाचे?

माणसाच्या आयुष्यातील कोणता वेळ खऱ्या अर्थाने त्याचा स्वतःचा असतो? कामाचा वेळ मालकाचा, घरचा वेळ कुटुंबाचा, झोपेचा वेळ शरीराचा. मग उरते काय? प्रवासातील थांबा उरतो. ज्या वेळात कोणी काम सांगत नाही आणि ज्यातून लवकर सुटताही येत नाही, त्या वेळाचे काय करावे, हा प्रश्न दिसतो लहान. पण तो नीतीचा प्रश्न आहे. आणि आज तो आपल्या घरांतही आला आहे. मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला जातो, मुलगी नोकरीसाठी अमेरिकेला जाते, आणि पुढे त्यांना भेटायला म्हातारे आईवडील निघतात. वाटेत दोहा, दुबई किंवा इस्तंबूल येथे विमान बदलायचे असते. आठ-दहा तास तेथे काढावे लागतात.

हा थांबा पडतो कशामुळे, ते आधी समजून घेऊ. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला थेट विमान सोडणे परवडत नाही. म्हणून कंपन्या ठिकठिकाणचे उतारू एका मोठ्या विमानतळावर गोळा करतात आणि तेथून पुढे पाठवतात. तालुक्याच्या स्टँडवर एसटी बदलावी तसेच हे. 1978 साली अमेरिकेत विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठली आणि त्यानंतर तेथे ही पद्धत झपाट्याने पसरली. थेट जाणारे विमान बहुधा महाग असते. लांब थांब्याचे तिकीट बहुधा स्वस्त मिळते. याचा अर्थ काय? ज्याच्याजवळ पैसा आहे तो पैसा देतो. ज्याच्याजवळ नाही तो आयुष्यातले तास देतो. तिकिटावर जी रक्कम कमी दिसते, ती अशी वेळाने भरली जाते. एकाच इमारतीत कोणी खास दालनात जेवून पलंगावर आडवा होतो, तर कोणी पिशवी उशाला घेऊन फरशीवर झोपतो. घड्याळ दोघांचे सारखेच चालते, पण थांबणे सारखे नसते.

या थांबलेल्या माणसाकडे बाजाराचे लक्ष फार पूर्वीच गेले. अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने इंधनासाठी आयर्लंडमधील शॅनन येथे उतरत. उतारूंना करायला काही नसे. 1947 साली ब्रेंडन ओ'रेगन या गृहस्थांनी तेथे करमुक्त मालाचे दुकान उघडले. विमानतळावरचे जगातील पहिले करमुक्त दुकान ते हेच. आज मोठ्या विमानतळावर तपासणीतून बाहेर पडताच दुकानांच्या झगमगाटातूनच वाट काढावी लागते. ही रचना विचारपूर्वक केलेली असते. कंटाळलेला माणूस गरज नसतानाही खरेदी करतो, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

चांगल्या सोयीही आहेत, हे मान्य केले पाहिजे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर फुलपाखरांची बाग आहे, फुकट चित्रपट दाखवतात; साडेपाच तासांहून अधिक थांबा असलेल्या आणि देशात प्रवेशाची परवानगी असलेल्या उतारूंना शहराची विनामूल्य फेरीही घडवतात. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 2010 साली उतारूंसाठी वाचनालय उघडले. ज्याला हे ठाऊक असते त्याचे दहा तास वेगळे जातात. ज्याला ठाऊक नसते तो भिंतीवरचा फलक पाहत बसतो. माहिती ही सुद्धा एक मालमत्ताच आहे, आणि तीही सर्वांना सारखी वाटलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण म्हणतो, वेळ 'घालवला', वेळ 'काढला'. हे शब्द अंगावरची नको असलेली वस्तू टाकून द्यावी असे आहेत. आपल्यासारख्यांनी तरी हे शब्द जपून वापरावेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला मोकळा वेळ असा आलाच नव्हता. महार वतनात दिवस-रात्र असा भेद नव्हता. चावडीचे बोलावणे आले की उठायचे, सरकारी कागद दुसऱ्या गावी पोहोचवायचा, अंमलदाराच्या पुढे धावायचे. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला राबवीत. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या वतनासंबंधी विधेयक आणले, ते केवळ मोबदल्यासाठी नव्हते. माणसाचे चोवीस तास दुसऱ्याच्या मालकीचे असतील तर तो माणूस स्वतंत्र कसा, हा प्रश्न त्यामागे होता. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली. ज्यांच्या वाडवडिलांना एक तास स्वतःचा म्हणता आला नाही, त्यांच्या नातवंडांनी दहा तास हाती आल्यावर 'कसे घालवू' म्हणून कपाळाला हात लावावा काय?

परंतु दार उघडले म्हणजे माणूस बाहेर पडतोच असे नाही. मेहरान करीमी नासेरी या इराणी माणसाची हकीकत जगाला माहीत आहे. निर्वासित असल्याची कागदपत्रे जवळ नसल्याने 1988 साली तो पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर अडकला. त्याला पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना. बाकावर झोपावे, रोजनिशी लिहावी, पुस्तके वाचावीत, असा त्याचा क्रम होता. 1999 साली त्याला कागदपत्रे मिळाली. तरीही तो गेला नाही. 2006 साली आजारपणामुळे रुग्णालयात हलवीपर्यंत, म्हणजे सुमारे 18 वर्षे, तो तेथेच राहिला. आयुष्याच्या अखेरीस तो पुन्हा त्याच विमानतळावर आला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तेथेच वारला. त्याला हसू नये. आधी नियमांनी त्याला अडवले, आणि त्या अडकण्याने पुढे त्याच्या मनाला जखडले. वाट पाहणे हीच राहण्याची जागा झाली की उघडे दारही दिसेनासे होते. कायदा दार उघडतो; पाऊल मात्र आपणच उचलावे लागते.

मग त्या दहा तासांत अभ्यासच करावा काय? आम्हा शिक्षकांना तसे सांगण्याची सवय असते. पण माझे म्हणणे तसे नाही. प्रत्येक क्षण कामी लावलाच पाहिजे, हा धाकही एक नवी वेठच होय. थकलेल्याने गजर लावून निवांत झोपावे. कोणी पुस्तक वाचावे, कोणी घरी पत्र लिहावे, कोणी काचेतून विमाने पाहत बसावे. मुद्दा हा की निवड आपली असावी. दुकानाची नसावी, हातातल्या फोनची नसावी, चरफडण्याची तर नसावीच. उशीर झालेल्या विमानावर रागावून विमान लवकर येत नाही. आपल्या हातचे तास मात्र जातात. जागरूक राहून केलेली विश्रांती हा प्रमाद नव्हे. बेसावधपणे केलेली धावपळ हा प्रमाद होय.

आणि या मोकळ्या वेळावर आणखी एकाचा हक्क आहे, तो शेजाऱ्याचा. पहिल्यांदाच विमानात बसलेली एखादी म्हातारी बाई हातात कागद घेऊन फलकांकडे पाहत असते. दाराचा क्रमांक बदलला, हे तिला कळत नाही. अनोळखी माणसाचे सामान हाती घेऊ नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. पण तिचा कागद वाचून तिला योग्य दारापर्यंत पोहोचवायला कोणता नियम आड येतो? तसेच, मध्यरात्री आपल्या पायांखालची फरशी पुसणाऱ्या कामगाराचा वेळ अजून त्याचा नाही, याची जाणीव ठेवावी. आपण पाय उचलून बाजूला व्हावे, चार शब्द माणसासारखे बोलावेत.

माणसाची योग्यता त्याच्या कामावरून ठरते असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण काम सांगणारा कोणी नसताना तो काय करतो, यावरून त्याचे स्वातंत्र्य ओळखू येते. मुलांना परदेशी पाठवताना शिधा, औषध आणि कागदपत्रे आपण दहा वेळा तपासतो. त्याबरोबर एवढेही सांगावे : बाळांनो, वाटेतले तास तुमचे आहेत. ते फार उशिरा आपल्या हाती आले आहेत.