मताधिकाराआधीचा नागरिक

मार्च २०२३ मध्ये लागोसच्या गव्हर्नरपदासाठी मतदान झाले, तेव्हा केवळ इग्बो जमातीचे असल्याच्या संशयावरून अनेकांना मतदान केंद्रांवरून दमदाटी करून पिटाळण्यात आले. शहर योरुबांचे, म्हणून त्यावरचा हक्कही त्यांचाच, असा त्यामागचा दावा. नायजेरियात नोकरी-शिक्षणासाठी मागितला जाणारा मूळ रहिवासाचा दाखलाही जन्मगावावरून नव्हे, पूर्वजांच्या गावावरून मिळतो. या भूमिपुत्रवादाला योरुबा भाषेच्या अभिमानाचा टेकू दिला जातो, हे मला सर्वांत खटकते. योरुबा लेखनाचा इतिहास त्याला पुरावा देत नाही.

सुरुवात परिचित आहे. मिशनरी क्राउदरचे शब्दकोश आणि बायबल, १८५९ मध्ये अबेओकुटा शहरात निघालेले ‘इवे इरोहिन’ हे वृत्तपत्र, १८९७ मध्ये सॅम्युएल जॉन्सनने पूर्ण केलेला योरुबांचा इतिहास. आपापसांत लढणाऱ्या राज्यांना ‘आपण एक’ हे भान या लेखनाने दिले, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो १९२० च्या दशकाबद्दल. ‘एको अकेते’, ‘एलेती ओफे’, ‘अकेदे एको’ अशी योरुबा साप्ताहिके तेव्हा लागोसमध्ये पाठोपाठ निघाली. इंग्रजी पत्रांनी राष्ट्र घडवले आणि योरुबा पत्रे जमातीच्या कोषात शिरली, हा रूढ निष्कर्ष साफ चुकीचा आहे. १९२२ च्या राज्यघटनेने लागोसला विधिमंडळात ३ निर्वाचित सदस्य दिले. पण मत देता येई ते वर्षाला १०० पौंड उत्पन्न असलेल्या पुरुषांनाच. बाकीच्या शहराशी बोलायचे तर ते योरुबातच शक्य होते. ही पत्रे कोषात शिरली नाहीत. त्यांनी सार्वजनिक चर्चेचे दार रुंद केले.

१९२९ मध्ये ‘अकेदे एको’त सेगिलोला नावाच्या स्त्रीची पत्रे क्रमशः येऊ लागली. तारुण्यात अनेक पुरुषांची प्रेयसी, आता आजारी आणि कफल्लक. लागोसमधल्या ओळखीच्या जागांची नावे घेत ती आपली कहाणी शहराला सांगत होती, आणि वाचकांची पत्रेही छापून येत होती. सेगिलोलाची पत्रे संपादक आय. बी. थॉमस यांनीच रचलेली. पुढे ती पहिली योरुबा कादंबरी मानली गेली. थॉमस यांनी तिला पश्चात्ताप करायला लावूनच बोलू दिले, हे खरे. तरीही मत नसलेली, अब्रू गमावलेली बाई शहरासमोर आपले म्हणणे मांडू शकते आणि शहर तिची दखल घेते, ही कल्पना येथे रुजली. नागरिकत्व म्हणजे बोलण्याचा आणि उत्तर मागण्याचा हक्क. कायद्याने तो देण्याआधीच वाचकांनी तो बजावला.

पुढे वाटा फुटल्या. १९४५ मध्ये योरुबा नेते अवोलोवोंनी लंडनमध्ये ‘एग्बे ओमो ओडुडुवा’ ही संघटना स्थापली; आद्यपूर्वज ओडुडुवाचे आपण सारे वंशज, हाच तिच्या एकीचा आधार होता. त्याच दशकात अबेओकुटात फुनमिलायो रॅन्सम-कुटी बाजारातल्या बायकांना वाचायला शिकवत होत्या. त्याच बायकांनी आपल्यावरच्या कराचा जाब विचारला आणि जानेवारी १९४९ मध्ये तिथले राजे, अलाके अडेमोला, यांना गादी सोडावी लागली.

योरुबा साहित्याचा वारसा सांगायचाच असेल, तर तो या दुसऱ्या वाटेचा सांगावा. या भाषेने नागरिक घडवले ते बोलायला लावून, पूर्वज विचारून नव्हे. मतदाराला केंद्रावरून हाकलणाऱ्याला तिचे नाव घेण्याचा अधिकार नाही.