मांजराचे पिल्लू : दान, दत्तक की ठेव?

मांजराची पिल्ले दुसऱ्या घरी देणे हा कोकणातला नेहमीचा व्यवहार आहे; तो नेमका कोणत्या प्रकारचा, हे ठरवणे मात्र अवघड आहे. पैसे घेतले जात नाहीत, म्हणून ती विक्री नव्हे. घेणाऱ्याने परत द्यायचे नसते, म्हणून ते उसनेही नव्हे. देणाऱ्याचे कर्तव्य कुठे संपते, घेणाऱ्याचे कुठे सुरू होते आणि मधल्या जिवाचे काय, हा त्यातला धर्माचा प्रश्न. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत त्याला प्रसंगांची वाण नाही. भाताची साठवण, मासळीबाजार, पेण-हमरापूर-जोहे पट्ट्यातले गणपतीचे कारखाने: जिथे उंदीर तिथे मांजर, आणि मांजर तिथे पिल्ले.

मांजर मारण्याबाबत परंपरा कडक आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मार्जारवधाला प्रायश्चित्त आहे, आणि लोकसमजुतीप्रमाणे हे पाप फेडायला काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते. त्यामुळे घरोघर मांजर मारायला कोणी धजत नाही. नको झालेली पिल्ले गोणीत घालून मासळीबाजाराच्या कडेला सोडून येताना मात्र मन तितके कचरत नाही. ‘तिथं पोटापुरतं मिळतं’ एवढे समाधान पुरते. हत्येचा दोष असा टळतो, पण भूक, कुत्री आणि रहदारी यांच्या हाती काम सोपवलेले असते. ही पळवाट इस्लामी परंपरेने ओळखली होती. मांजर बांधून ठेवणाऱ्या, तिला खायला न देणाऱ्या आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळीही न सोडणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस प्रसिद्ध आहे. त्या बाईचा अपराध हयगयीचा होता. भारतीय कायदाही इथेच येतो: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे गुन्हा आहे.

सोडून देणे वर्ज्य ठरल्यावर उरते ते सोपवणे. त्यासाठी परंपरेत तीन नमुने सापडतात. पहिला दानाचा. दानात देणाऱ्याचा हक्क संपतो आणि घेणाऱ्याचा उत्पन्न होतो. दिलेले परत घेणे दोषास्पद, पण देण्याआधी पात्रापात्र पाहणे आवश्यक. यातला पात्रतेचा विचार पिल्लाला चपखल लागू पडतो. परत न घेण्याचा नियम लागू पडत नाही. नव्या घरात पिल्लाचे हाल होत असतील तर ते परत आणणे हाच धर्म ठरतो. दुसरा नमुना दत्तकाचा. दत्तकात मूल नव्या कुळाचे होते, आणि 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही. माया या नमुन्यात आहे, माघार नाही. तिसरा ठेवीचा. निक्षेप, म्हणजे ठेव, हे मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी (दाव्याच्या विषयांपैकी) एक. ठेव सांभाळणारा ती स्वतःच्या वस्तूसारखी जपतो, पण मालक होत नाही.

पिल्लाच्या बाबतीत ठेव हा नमुना सर्वांत जवळचा. अडचण एवढीच की ठेवणारा कोण? इथे याच भूमीतल्या दोन विचारवंतांची मदत होते. विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात झाला. 1951 मध्ये पोचमपल्लीपासून सुरू झालेल्या त्यांच्या भूदान चळवळीमागे जमीन कोणा एकाची नसून ईश्वराची आहे, हा विचार होता. देणाऱ्याने उपकार केल्याचा आव आणायचा नव्हता. पांडुरंगशास्त्री आठवले 19 ऑक्टोबर 1920 रोजी रोह्यात जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या योगेश्वर कृषीत शेतावर राबणारे भक्त पिकावर मालकी सांगत नाहीत. ते उत्पन्न देवाचे मानले जाते. मांजर हा दोघांचाही विषय नव्हता. तरी त्यांची भूमिका पिल्लाला लावली तर उत्तर मिळते: देणारा आणि घेणारा दोघेही राखणदार, मालक कोणीच नाही. म्हणून देताना हक्काबरोबर जबाबदारी हातावेगळी होत नाही. ती दोघांत वाटली जाते.

ही जबाबदारी किती मोठी, हे श्रीवैष्णव मतातल्या मार्जारन्यायावरून कळते. वानराचे पोर आईला घट्ट धरून राहते. मांजरीच्या पिल्लाला काहीच करावे लागत नाही; आई मानगुटीला धरून नेते आणि ते अंग सैल सोडते. तेन्कलै पंथाने ईश्वरकृपेसाठी हा दृष्टान्त घेतला. यात सगळा भार नेणाऱ्यावर असतो. पिल्लू आईपासून उचलणारा माणूस ती जागा घेतो, म्हणून त्याला पिल्लाच्या संमतीची सबब सांगता येत नाही.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे म्हणतात. जागा बदलण्याचा हा हक्क आधी आईचा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. बारा आठवडे थांबता आले तर उत्तम. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते घन अन्न चाखू लागते, पण स्वच्छता, चाव्याला आवर घालणे आणि खेळातली मर्यादा ते आईकडून आणि भावंडांकडून पुढेही शिकत राहते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांनी रोज थोडा वेळ हाताळले तर ते माणसाळते. जंताचे औषध आणि पहिली लस हे पिल्लू देणाऱ्यानेच उरकावे. गणपतीच्या कारखान्यात गोणपाटावर व्यालेल्या मांजरीची पिल्ले हंगामाची गर्दी वाढली म्हणून पाचव्या आठवड्यात वाटून टाकणे ही सोय झाली. तिला दान म्हणता येणार नाही.

घेणाऱ्याच्या पात्रतेचा नेमका निकष ज्यू परंपरेत मिळतो. बेने इस्रायली हा ज्यू समाज कोकणात शतकानुशतके राहिला. पेणमध्ये त्यांचे सिनेगॉग आहे. ज्यू धर्मग्रंथांपैकी यरुशलेमी तालमूदात नियम आहे की, चाऱ्याची तजवीज केल्याशिवाय माणसाने जनावर घेऊ नये. मांजराच्या बाबतीत ही तजवीज म्हणजे मांसाहार. मांजर मांसावरच जगणारा प्राणी असून त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य वरणभातातून मिळत नाही. गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. शाकाहारी घरापुढे म्हणून खरा पेच उभा राहतो. स्वतःची अहिंसा पिल्लावर लादली तर त्याची हिंसा होते. मासळी शिजवून घालायची किंवा मांजराचे तयार अन्न आणायचे, ही तयारी नसेल तर मांजर न घेणेच अहिंसेला धरून आहे. खारवलेले सुकट-बोंबील रोजचे अन्न म्हणून चालत नाही.

बाकी तयारी साधी आहे. पहिले काही दिवस एकच खोली, वाळूचे किंवा भाताच्या तुसाचे पसरट घमेले, त्यापासून दूर पाण्याचे भांडे, आईच्या अंगाचा वास असलेले फडके आणि अंग चोरून बसायला खोके. पिल्लू पलंगाखाली लपले तर ओढून काढू नये. भूक लागली की ते येते. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर द्यायची असते, आणि मादी पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीची वेळ आधीच ठरवावी. नसबंदी म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, हा आक्षेप पोकळ नाही. पण दर वेतातल्या पिल्लांना घरे मिळत नसतील, तर तो आक्षेप घेणाऱ्याने त्या पिल्लांची सोयही पत्करली पाहिजे.

तिन्ही नमुन्यांतून घ्यायचे ते असे: दानातून पात्रतेची पारख, दत्तकातून घरच्यासारखी माया, ठेवीतून परतीची वाट. पिल्लू देताना ‘जमलं नाही तर परत आणा, बाजारात सोडू नका’ एवढे देणाऱ्याने सांगितले आणि घेणाऱ्याने मान्य केले, की व्यवहार धर्माला धरून झाला. हे सांगायची तयारी नसलेल्याने पिल्लू आपल्याच घरी ठेवावे.